ड्रॉप हँडलच्या वरच्या दांड्यावर जादा ब्रेक लिव्हर बसवताना

कोकणातल्या सागरी मार्गावर सपाट रस्ता सलग मिळतच नाही. खाडीच्या काठावरून सड्यावर चढा, सडा संपला की पुढच्या खाडीकडे उतरा, जेटीवर थांबा, पलीकडे पुन्हा चढ. चढावर बहुतेकांचे हात आपोआप ड्रॉप हँडलच्या (खाली वळलेल्या रेसिंग हँडलच्या) वरच्या आडव्या दांड्यावर जातात. तिथे पाठ सरळ राहते, श्वास मोकळा होतो. अडचण अशी की तिथून ब्रेक हाताशी नसतो. वाडीतून गुरं आडवी आली किंवा गडग्याच्या वळणावर समोरून एसटी आली, की हात उचलून पुढे हूडपर्यंत (मुख्य ब्रेक लिव्हरच्या रबरी माथ्यापर्यंत) न्यावे लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी हँडलवरची पकड सुटलेली असते.

यावरचा उपाय म्हणजे आडव्या दांड्यावर, स्टेमच्या (हँडलला मधोमध धरणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना एकेक जादा लिव्हर. याला इंटरप्टर लिव्हर किंवा क्रॉस-टॉप लिव्हर म्हणतात. सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतल्या शर्यतींच्या) सायकलींवर हे लिव्हर रूढ झाले आणि तिथून प्रवासी सायकलींवर आले. लिव्हर बसवायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि घरी होतं. लिव्हर हँडलवर आवळणं हा त्यातला सोपा भाग. ब्रेक चांगला लागणार की फुसका, हे ठरतं आऊटर, म्हणजे ब्रेकच्या वायरीवरचं जाड आवरण, किती लांबीचा कापला आणि कसा कापला यावर. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा आऊटरला दिली आहे.

आधी हाताच्या जागा

ड्रॉप हँडलवर हात ठेवायच्या जागा मुळात चार-पाच आहेत: आडवा दांडा, तिथून पुढे वळणारा खांदा, लिव्हरवरचं हूड, खालची वाटोळी कमान आणि तिच्या मागचं सरळ टोक. ब्रेक फक्त हूडवरून आणि कमानीतून लागतो. इंटरप्टर लावला की आडव्या दांड्यावरूनही लागतो. हाताच्या नव्या जागा यातून तयार होत नाहीत, असलेली एक जागा रहदारीतही बिनधोक वापरता येते.

हात बधिर होतात म्हणून कोणी हे लिव्हर लावत असेल तर थोडं थांबा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असतील तर मनगटाच्या मधली नस. दोन्हींत पहिली तपासणी सीटची. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा, हूड थोडी वर फिरवून मनगट सरळ राहील असं बघा, आडव्या दांड्यावर टेपखाली जेलची पट्टी टाका किंवा टेपचा दुसरा थर द्या. यानंतरही हात वरच्या दांड्यावरच बरे वाटत असतील तर लिव्हर लावणं योग्य.

हाताची आणखी एक जागा म्हणून क्लिप-ऑन एरो बार लावायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. कोकणच्या रस्त्यांवर तो आम्ही सुचवणार नाही. कोपर टेकवून चालवताना ब्रेक सगळ्यात लांब असतो, आणि त्याचे क्लॅम्प (दांड्यावर आवळायची कडी) नेमकी तीच जागा खातात जिथे इंटरप्टर बसतो.

हा लिव्हर चालतो कसा

ब्रेकच्या वायरीत दोन गोष्टी असतात: आतली पोलादी इनर आणि तिच्यावरचा आऊटर. मुख्य लिव्हर इनर ओढतो. इंटरप्टर इनरला हातच लावत नाही. तो आऊटर मधोमध तोडून बसवलेला असतो आणि दाबला की आऊटरच्या दोन तुकड्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. आऊटरची वाट लांबली पण इनर तेवढीच राहिली, म्हणजे इनर ओढल्यासारखाच परिणाम होतो आणि ब्रेक लागतो. मुख्य लिव्हर वापरताना इनर इंटरप्टरमधून नुसती सरकते.

याच्याशी जुन्या रेसिंग सायकलींवरच्या जोड-लिव्हरची गल्लत करू नका. १९७० च्या दशकात ते खूप प्रचारात होते. मुख्य लिव्हरच्याच खिळीवर एक लांब आडवी पट्टी जोडलेली असे. ती पट्टी दाबताना वाकते, मुख्य लिव्हरची बरीचशी चाल आधीच खाऊन टाकते आणि ब्रेक पुरता लागण्याआधीच दांड्याला टेकते. शिवाय ती खिळी हूडवरच्या हाताला टोचते. सायकलीवर असे लिव्हर असतील तर काढून टाका, जोडीला ठेवू नका.

तुमच्या सायकलला बसेल का

वायरीचा रिम ब्रेक किंवा वायरीचा डिस्क ब्रेक असेल तर बसेल. पूर्ण हायड्रॉलिक ब्रेकला बसणार नाही, कारण तिथे आऊटर नसून तेलाची नळी आहे. वायरीने चालणारा पण कॅलिपरमध्ये (चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या चिमट्यात) तेल असलेला प्रकार असेल तर हरकत नाही.

ब्रेकची वायर हँडलच्या टेपखालून आलेली हवी. फार जुन्या लिव्हरमध्ये ती लिव्हरच्या डोक्यातून वर निघून हवेत कमान करते. तिथे इंटरप्टरला वाटच नाही. आणि हल्ली काही सायकलींत वायरी स्टेम आणि हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) पोटातून जातात. त्यांच्या नादी लागू नका.

व्ही-ब्रेकला (लांब हातांच्या रिम ब्रेकला) जास्त लांब ओढ लागते, म्हणजे लिव्हरने इनर जास्त ओढावी लागते. नेहमीचे इंटरप्टर कमी ओढीचे असतात, म्हणजे कॅलिपर, कँटिलिव्हर आणि रोड डिस्कसाठी. मुख्य लिव्हर ज्या ओढीचा आहे त्याच ओढीचा इंटरप्टर हवा. कार्बनचं हँडल असेल तर ते बनवणाऱ्याने त्या जागी क्लॅम्पला परवानगी दिली आहे का ते बघा. दिली नसेल तर लावू नका. पातळ कार्बन आवळल्याने आतून चिरतो आणि बाहेरून कळत नाही.

मग माप. हँडल स्टेमपाशी जाड असतं आणि बाहेर बारीक होत जातं. जाड भाग आजच्या हँडलना बहुधा ३१.८ मिमी, जुन्यांना २६.० किंवा २५.४ मिमी. बाहेरचा बारीक भाग २३.८ ते २४ मिमी. लिव्हर ज्या जागी बसणार तिथलंच माप घ्या, स्टेमच्या आतलं नाही. व्हर्नियर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक भिडतं तिथे खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. १०० मिमी आले तर ३१.८ चा दांडा, ८२ च्या जवळ आले तर २६.०, ८० आले तर २५.४, ७५ आले तर २४ च्या आसपासचा. २६.० आणि २५.४ मध्ये पट्टीवर फरक जेमतेम २ मिमी पडतो, म्हणून दोनदा मोजा. मोठ्या मापाचा लिव्हर घेऊन खाली ट्यूबचं रबर घालायचा मोह टाळा. जोरात दाबल्यावर तो फिरतो, आणि जोरात दाबायची वेळ म्हणजे अडचणीचीच वेळ.

सामान

इंटरप्टर लिव्हरची एक जोडी. टेक्ट्रो आणि केन क्रीक ही यातली परिचित नावं. गावातल्या दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. बिजागरीने उघडणारा क्लॅम्प असलेलेच मागवा. बंद कड्याचे असतील तर घालायला मुख्य लिव्हरसुद्धा उतरवावे लागतात.

ब्रेकचा आऊटर ५ मिमी जाडीचा, अडीच मीटर. मागच्या ब्रेकचा आऊटर फ्रेमच्या पोटातून अखंड जात असेल तर साडेतीन मीटर घ्या. गिअरचा ४ मिमीचा आऊटर ब्रेकला कधीही वापरू नका. त्यातल्या तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने त्या फाकून बाहेर येतात आणि ब्रेक एका क्षणात जातो. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकसाठीच बनवलेला, न दबणारा आऊटर मिळतो. महाग आहे, पण दाब खूप कडक मिळतो.

इनर दोन, स्टेनलेस, १.५ किंवा १.६ मिमी. मागची किमान १.७ मीटर, मागे डिस्क असेल तर २ मीटर. डोकं तपासून घ्या: रोड लिव्हरला पाण्याच्या थेंबासारखं निमुळतं डोकं लागतं, डोंगरी सायकलीला आडवा दंडगोल. दोन्ही टोकांना दोन प्रकारची डोकी असलेली वायर मिळाली तर नको असलेलं टोक कापून टाका. जुनी इनर पुन्हा वापरायची नाही. नटाखाली ती चपटी झालेली असते आणि नव्या आऊटरमधून जाताना आतलं अस्तर खरवडते.

याशिवाय आऊटरच्या टोकांना घालायच्या ५ मिमीच्या आठ-दहा टोप्या, इनरच्या टोकाला लावायच्या चार, नवी बार टेप, विजेची चिकटपट्टी. हत्यारांत ४ आणि ५ मिमीच्या ॲलन की, बारीक कानस, टोचा, आणि केबल कापायचा खास कटर. साध्या पकडीने आऊटर कापला तर तो दबतो आणि पुढचं सगळं बिघडतं. कटर नसेल तर सायकलवाल्याकडून तेवढं कापून घ्या, पण मापं स्वतः खुणा करून न्या.

जागा ठरवणं

टेप स्टेमकडून उलगडायला सुरुवात करा. हूडपर्यंत उघडली की पुरे. कमानीतली टेप चांगली असेल तर तशीच ठेवता येते, मात्र वर नवी टेप तिथूनच जोडावी लागेल आणि जोड हाताला लागतो. आमच्या मते टेप पूर्ण बदलणं बरं. गोंद स्पिरिटच्या फडक्याने पुसून दांडा कोरडा करा.

उजवा-डावा ओळखून लिव्हर ठेवा: क्लॅम्प स्टेमच्या बाजूला, दाबायची पट्टी बाहेरच्या टोकाकडे. क्लॅम्प स्टेमच्या जितका जवळ तितकी हाताला जागा जास्त. मात्र लाइट, घंटी, मीटर यांचं आधी ठरवा, कारण जाड भाग स्टेमच्या दोन्ही बाजूंना थोडाच असतो आणि लिव्हर तो जवळपास संपवतात. लाइटसाठी स्टेमच्या पुढे येणारा माउंट सोयीचा. पुढे बॅग लावत असाल तर ती लावूनच बघा. बॅगेची वरची कड लिव्हरच्या पट्टीला टेकत असेल तर पट्टी दाबली जाणार नाही, किंवा बॅग भरली की आपोआप दाबलेली राहील.

आता सायकलवर बसा, कोणाला तरी मागचं चाक धरायला सांगा. हात दांड्यावर ठेवून बोटं सरळ पुढे करा. पट्टी बोटांच्या रेषेत यावी, मनगट वर मोडू नये. बहुतेकांना ती आडवी किंवा किंचित खाली झुकलेली बरी वाटते. क्लॅम्प आत्ता हलकाच आवळा. शेवटचं आवळणं लिव्हरबरोबरच्या पत्रकात दिलेल्या आकड्याप्रमाणे, आकडा नसेल तर अॅल्युमिनियमच्या हँडलवर ५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावूनच घाला.

उजवा इंटरप्टर उजव्याच मुख्य लिव्हरच्या वायरीवर बसतो. म्हणजे उजवीकडे पुढचा ब्रेक असेल तर वरही उजवीकडे पुढचाच. वायरींची अदलाबदल करायची असेल तर आत्ता करून घ्या, टेप लावल्यावर नाही.

आऊटर

कॅलिपरपाशी नट सैल करा, इनरच्या टोकाची टोपी कापा, मुख्य लिव्हर दाबून डोकं बाहेर ढकला आणि इनर ओढून काढा. जुना आऊटर फेकू नका, वळणाचा अंदाज घ्यायला तो कामाचा आहे.

पहिला तुकडा मुख्य लिव्हरपासून इंटरप्टरपर्यंत. नव्या आऊटरचं टोक मुख्य लिव्हरच्या खोबणीत पूर्ण आत बसवा. तिथून हँडलच्या अंगालगत, जुना आऊटर जिथून गेला होता तिथूनच नेत चिकटपट्टीचे तात्पुरते तुकडे लावत या. इंटरप्टरच्या खोबणीचा तळ जिथे आहे तिथे खूण करा. इंटरप्टर त्या वेळी पूर्ण सुटलेला असावा. हा तुकडा साधारण २२ ते २८ सेंमी निघतो, पण आकडा बघून कापू नका. हँडलचं वळण प्रत्येकाचं वेगळं असतं. कापलेला तुकडा ५ मिमी लांब निघाला तर पुन्हा छाटता येतो, ५ मिमी आखूड निघाला तर वाया.

दुसरा तुकडा इंटरप्टरपासून ब्रेककडे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. आधी आऊटर टेपखालून निघून हेडट्यूबसमोर (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीसमोर) मोठी कमान करत असे. आता तो स्टेमच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे वळायला जागा कमी. पुढच्या कॅलिपरचा ॲडजस्टर (वायरीचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या लिव्हरमधून वायर येत असेल तर वळण सगळ्यात आवळ होतं. अशा वेळी तुकडा किंचित लांब ठेवून कमान पुढे फुगू द्या. आवळ वळणात घासणं वाढतं आणि ब्रेक सोडल्यावर परत यायला कुरकुरतो.

लांबी ठरवताना हँडल एका बाजूला पूर्ण फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही टोकांना आऊटर ताणला जाऊ नये, आणि सरळ असताना तो हेडट्यूबवर किंवा टायरवर घासू नये. मागच्या ब्रेकच्या तुकड्याला हे जास्त लागू पडतं, कारण तो फ्रेमच्या स्टॉपवर (आऊटरचं टोक अडवणाऱ्या खोबणीवर) अडकलेला असतो. फ्रेम जिथे घासली जाते तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा.

कापल्यावर टोक बघा. सरळ काटकोनात हवं. आतली गुंडाळलेली तार कापताना तिचं टोक आत वळतं आणि इनरच्या वाटेत येतं. कानशीने टोक सपाट घासा, मग टोचा घालून अस्तराचं तोंड गोल उघडा. टोकाकडे उजेडात धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. तिरकं टोक खोबणीत एका कडेवर टेकतं. दाबलं की ते बसतं, सोडलं की उठतं, आणि लिव्हर हाताला स्पंजासारखा लागतो. ब्रेक फुसका वाटतो म्हणून लोक रबर बदलतात, कॅलिपर बदलतात. दोष या दोन मिलिमीटरच्या तिरकेपणात असतो.

टोपी कुठे घालायची हे खोबणी ठरवते. फ्रेमच्या स्टॉपवर आणि कॅलिपरच्या ॲडजस्टरमध्ये बहुधा लागते. मुख्य लिव्हरमध्ये आणि इंटरप्टरमध्ये काही वेळा ५ मिमीचा आऊटर टोपीशिवायच बसतो. टोपी घालून तो तळापर्यंत जात नसेल तर टोपी काढा. तळाला टेकला की नाही हे बोटाने दाबून, फिरवून बघा.

इनर ओवणं आणि ताण

इनर मुख्य लिव्हरमधून घाला, पहिल्या तुकड्यातून, इंटरप्टरमधून, दुसऱ्या तुकड्यातून खाली. मध्ये कुठेही कापायची नाही. डोक्याला ग्रीस लावा. वायरीवर पातळ तेलाचा हात फिरवला तरी चालतं. जाड ग्रीस आऊटरमध्ये भरू नका, लाल धूळ त्यात चिकटून लगदा होतो. इनर अडली तर ढकलत बसू नका. टोक फाकलं असेल, तेवढं कापून पुन्हा घाला.

ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर घ्या. रिमवर ब्रेक रबर हाताने दाबून धरा, इनर ओढा, नट ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळा. आता मुख्य लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-पंधरा वेळा दाबा, मग इंटरप्टर तितक्याच वेळा. टोप्या आपापल्या जागी बसतात आणि ताण नक्की ढिला पडतो. पुन्हा नट सोडून ओढा. दोन्ही बाजूंना रबर आणि रिममध्ये १ ते १.५ मिमी फट राहिली की ठीक.

तपासणी अशी: इंटरप्टर पूर्ण दाबला असता पट्टी आणि दांड्याच्या मध्ये बोट शिरायला हवं. इथे टेपची जाडी अजून यायची आहे, हे धरून चाला. मुख्य लिव्हरही हँडलला टेकता कामा नये. मग पुढचं चाक उचलून फिरवा आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत हलवा. रबर जरासुद्धा रिमकडे सरकलं तर आऊटर आखूड आहे. तो बदला, ॲडजस्टरने झाकू नका.

टेप

इंटरप्टर दाबून बघा, कोणता तुकडा हलतो. लिव्हर दाबताना आऊटरचं एक टोक २-४ मिमी सरकतं. ते टोक मुख्य लिव्हरच्या बाजूचं असेल तर शेवटच्या ४-५ सेंमीत त्याला चिकटपट्टीने जखडू नका आणि टेपही तिथे फार ओढून गुंडाळू नका. बाकी आऊटर दांड्यावर तीन-चार ठिकाणी घट्ट बांधा.

टेप हँडलच्या खालच्या टोकाकडून सुरू करा, वरून बाहेरच्या बाजूला पडेल अशी. हूडपाशी आल्यावर लिव्हरभोवती एक फुली मारून दिशा उलटी करा, म्हणजे आडव्या दांड्यावर टेप वरून तुमच्याकडे येईल. चढावर हात दांडा मागे ओढतात. टेप त्याच दिशेने असेल तर आवळत जाते, उलटी असेल तर गुंडाळी सैल होऊन घड्या पडतात. टेप इंटरप्टरच्या क्लॅम्पपाशी संपवा आणि चिकटपट्टीने बंद करा. क्लॅम्पखाली टेप जाऊ देऊ नका, लिव्हर हळूहळू फिरायला लागतो. पट्टीखाली जेल आणि टेपचे दोन थर एकदम देऊ नका, पट्टीची चाल तिथेच संपेल.

बिघाड आणि त्याचं मूळ

मुख्य लिव्हर चांगला आहे पण इंटरप्टर दांड्याला टेकतो: रबर आणि रिममधली फट जास्त आहे किंवा आऊटरचं एखादं टोक तळाला गेलेलं नाही. आधी टोकं बघा, मग फट कमी करा.

ब्रेक सोडल्यावर हळू परत येतो: कॅलिपरपाशी इनर सोडून हाताने मागे-पुढे ओढा. तिथे जड लागली तर दोष वायरीत, म्हणजे आवळ वळण, आत वळलेलं तारेचं टोक किंवा टेपखाली चेमटलेला आऊटर. हलकी असेल तर कॅलिपरची खिळी गंजली आहे.

एकच रबर घासतं: नव्या आऊटरची कमान कॅलिपरला एका बाजूला ढकलते आहे. कॅलिपर मध्यावर आणा आणि तरीही सरकत असेल तर कमानीची दिशा बदला. खड्ड्यांवरून जाताना वर खडखड येत असेल तर इनर सैल आहे, ॲडजस्टर अर्धा फेरा बाहेर काढा.

वापर कुठे करायचा

चढावर, बाजारपेठेतून, वाडीतल्या अरुंद रस्त्यातून, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीसाठी जेटीवर रांगेत सरकताना वरचे लिव्हर फार उपयोगी. उतारावर मात्र हात कमानीत किंवा हूडवर हवेत. आडव्या दांड्यावर हात जवळजवळ असतात, खड्ड्याने हँडल सहज फिरतं, आणि पुढच्या ब्रेकच्या झटक्याला अंग थोपवायला आधार मिळत नाही. आरे-वारेच्या उतारासारख्या ठिकाणी, जिथे समुद्राकडे नजर जाते आणि वळण अचानक येतं, तिथे वरच्या लिव्हरवर भिस्त ठेवू नका.

खारी हवा आणि पाऊस

इंटरप्टरमुळे प्रत्येक वायरीला आऊटरची दोन टोकं वाढतात, आणि ती हँडलच्या सगळ्यात वरच्या, पावसात उघड्या जागी. पाणी तिथूनच शिरतं. इनर आधी गंजते ती याच जोडापाशी आणि आऊटरच्या सगळ्यात खालच्या वाकात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला इंटरप्टर दाबून धरा आणि जोडाच्या फटीत इनर बघा. एखादी तार तुटून बाहेर आली असेल तर पूर्ण इनर बदला. तपकिरी पाणी दिसलं तर आऊटरही.

पुळणीवर किंवा जेटीवरून सायकल नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, कोरडी करा, दोन्ही जोडांत पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. जोराचा फवारा जोडावर मारू नका, मीठ आत ढकललं जातं. क्लॅम्पचे बोल्ट वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, काढून आट्यांना नवं ग्रीस लावा. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम मिठाच्या ओलीत एकमेकांना असे धरतात की ॲलन कीचं भोक गोल होतं, पण बोल्ट हलत नाही.

टेप बदलताना क्लॅम्पखालचा दांडा बघायला विसरू नका. घाम आणि मीठ टेपखाली साचून अॅल्युमिनियमवर पांढरी पूड येते. पूड पुसून खाली दांडा गुळगुळीत असेल तर स्वच्छ करून पुन्हा वापरा. नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, विशेषतः क्लॅम्पच्या किंवा स्टेमच्या कडेला, तर ते हँडल बदला. अशा हँडलचा तुकडा पडतो तो भार आल्यावर, आणि आधी कुठलाही आवाज येत नाही.